संध्याकाळपर्यंत तामे

जगात जे जे काही आहे, त्याचे फक्त दोनच ढीग होतात, एक ताहोर आणि दुसरा तामे, असं ठामपणे मानणारा माणूस अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकच आहे आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ताहोर म्हणजे शुद्ध, तामे म्हणजे अशुद्ध. शब्द हिब्रू आहेत. फार पूर्वीचे इस्राएली लोक देवळाची पायरी चढण्याआधी कोण शुद्ध आणि कोण अशुद्ध हे ठरवत. अशुद्ध असेल त्याने काय धुवायचं, कशात बुडी मारायची आणि किती वेळ थांबायचं याचे नियम करत. त्या नियमांतले झाडून सगळे शब्द मामांना पाठ आहेत. मामांचं शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे कुठेतरी थांबलेलं, घर बौद्ध, राहणं दापोडीत रेल्वेलगतच्या गल्लीत आणि उभी हयात चाकणच्या एका कंपनीत गाड्यांचे सुटे भाग धुण्यात गेलेली. अशा माणसाला हिब्रू येण्याचं काही कारण नाही आणि खरं सांगायचं तर येतही नाही. ‘जरा पाणी द्या’ एवढं साधं वाक्य त्यांना हिब्रूत म्हणता येणार नाही. पण ते पाणी जिवंत, म्हणजे झऱ्या-नदीचं वाहतं, आहे की भांड्यातून ओतलेलं, हे सांगणारे शब्द मात्र जिभेवर तयार असतात.

माझी आणि मामांची पहिली गाठ मी मुलगी बघायला गेलो तेव्हा पडली. कंपनीतून परस्पर गेलो होतो. आई-वडील आधीच येऊन बसले होते. मी उंबऱ्यात पाऊल ठेवतो तोच मामा आतून आले, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि खिशातून दोऱ्याचा एक लाल टॅग काढून माझ्या शर्टाच्या गुंडीला बांधला. त्यांच्या कंपनीत पास झालेल्या मालाला हिरवा आणि नापास मालाला लाल टॅग लावायची पद्धत होती, आणि दोन्ही रंगांची पुडकी मामांच्या घरी कपाटात असत. “तामे हायसा,” ते अत्यंत मायेनं म्हणाले. “घाबरायचं काम न्हाई. हातपाय धुवा, कपडे बदला, संध्याकाळपर्यंत थांबा. संध्याकाळ झाली की ताहोर.” माझ्या वडिलांनी माझ्या कानाशी येऊन विचारलं की हे असं मुलीकडच्या रक्तात आहे का. आईला वाटलं की मुलाची कसली तरी तपासणी झाली आणि त्यात तो नापास झाला. आम्हाला तासाभरात निघायचं होतं, पण लाल टॅग लावून निघून जाणं बरं दिसेना, म्हणून थांबलो. मला मामांचाच एक सदरा मिळाला, त्यात मी दोनदा मावलो असतो. तेवढ्या वेळात दोनदा चहा झाला, एकदा पोहे झाले, आणि गच्चीवर सुकत घातलेले सांडगे राखायच्या निमित्तानं मी आणि ती भरपूर बोललो. दिवेलागणीला मामांनी लाल टॅग सोडून हिरवा बांधला आणि दोन्हीकडच्या मंडळींना सांगितलं, “माल पास हाय.” आमचं लग्न जमलं ते त्या टॅगमुळे, असं माझी बायको आजही म्हणते. भांडण झालं की तोच टॅग चुकून बांधला गेला असंही म्हणते.

मामांना हे वेड लावलं ते आवासकरांनी. आवासकर म्हणजे मामांच्या कंपनीतले स्टोअरकीपर. मूळचे अलिबागकडचे, बेने इस्राएल. या लोकांचे पूर्वज कधीकाळी समुद्रमार्गे कोकणात आले, तेलाचे घाणे चालवू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवू लागले आणि गावाच्या लेखी शनिवार तेली झाले. घरात मराठी, जेवणात नारळाच्या दुधातलं मासळीचं कालवण आणि प्रार्थनेपुरती हिब्रू, असा आवासकरांचा संसार. वॉशिंग सेक्शनच्या मागे एक मोडका बाक होता, त्यावर बसून हे दोघे रोज डबा खात. एकदा आवासकर भाग धुण्याच्या टाक्यांकडे बघत सहज बोलून गेले की आमच्या जुन्या कायद्यात पण असंच आहे रे, शिंपड, बुडव, खळबळ, पूस, आणि प्रत्येकाला वेगळा शब्द आहे. बोलणाऱ्यानं डब्याचं झाकण लावलं आणि तो विसरून गेला. ऐकणाऱ्याला त्या रात्री झोप लागली नाही. आपण आयुष्यभर जे करतो त्याला कुठल्या तरी देवळात मंत्रासारखे शब्द होते, हे मामांना तोवर कुणी सांगितलंच नव्हतं. याच आवासकरांशी मामा पुढे कित्येक वर्षं बोलले नाहीत, आणि मामांना या जगात दुसरं काही नको असलं तरी त्यांच्याशी एकदा बोलायचं होतं. पण ते ओघानं येईलच.

पुढच्या साप्ताहिक सुट्टीत मामांनी ऑइलपेंटचा डबा आणला आणि टाक्यांवर नावं टाकली. पहिली टाकी फवाऱ्याची, तिच्यावर ‘हिज्जा’. दुसरी कॉस्टिक सोड्याच्या कढत पाण्यात बुडवायची, तिच्यावर ‘ताबल’. तिसरी साध्या गरम पाण्यात खळबळायची, तिच्यावर ‘शताफ’. चौथ्या ठिकाणी भाग दाबाच्या हवेनं वाळवत. तिथे आवासकरांची पंचाईत झाली. त्यांनी खूप आठवून पाहिलं आणि शेवटी कबूल केलं की आमच्या पूर्वजांकडे कंप्रेसर नव्हता. मामा खट्टू झाले आणि तिथे नुसतं ‘हवा’ लिहिलं. शेवटी सुती फडक्यानं भाग पुसायचं टेबल होतं, त्यावर ‘किप्पेर’. आवासकर म्हणाले होते की किप्पेर म्हणजे पुसून टाकणं, आमच्या वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाचं नाव त्यावरूनच पडलंय, त्या दिवशी देव वर्षभराचं सगळं पुसतो. वॉशिंगवर काम करणारी पोरं बीड-परभणीकडची. त्यांना काय, कंपनीतले निम्मे शब्द असेही कळत नसत, त्यात हे आणखी चार. महिनाभरात “काका, ताबल गार पडलंय” आणि “आज किप्पेरला माणूस कमी हाय” असं सर्रास सुरू झालं. एकदा बाहेरून मोठे ऑडिटर आले. त्यांनी टाक्यांकडे बोट दाखवून ही काय पद्धत म्हणून विचारलं, तर कंपनीचे साहेब न अडखळता म्हणाले, जपानी आहे. ऑडिटरनी मान डोलावली, फोटो काढले आणि ही पद्धत इतर कारखान्यांतही आणावी असा शेरा मारला.

मामांचा सगळ्यात लाडका नियम म्हणजे संध्याकाळचा. कुणी काहीही शिवलं, मेलेलं जनावर उचललं, प्रेताला खांदा दिला, तरी त्याची शुद्धी ठरलेली असे. काहींना जास्त दिवस लागत, पण बहुतेकांना धुवायचं, आंघोळ करायची आणि सूर्य बुडायची वाट बघायची, एवढंच. त्यात राजा सुटत नाही आणि पुजारीही सुटत नाही. त्यातही एक गंमत आवासकरांनी सांगितली होती, तांबड्या गायीच्या राखेची. त्या राखेचं पाणी शिंपडलं की अशुद्ध माणूस शुद्ध होई, पण जो बिचारा ती राख गोळा करे तो स्वतः अशुद्ध होई. हे ऐकून मामा बाकावरून उठूनच उभे राहिले म्हणे. कारण वॉशिंग सेक्शनचा तोच तर नियम. भाग लखलखीत होऊन पुढे जातो आणि धुणारा कोपरापर्यंत काळा होऊन बसतो. मी मामांना एकदा विचारलं की या एका नियमाचं तुम्हाला एवढं काय कौतुक. ते भाकरी मोडत होते. मोडायचे थांबले. “राख गोळा करणारा बी संध्याकाळी घरला ताहोर होऊन जायचा, जावई,” ते म्हणाले. “आमच्या आज्यानं गावची मेलेली ढोरं वढली. त्याच्या विटाळाला संध्याकाळच न्हवती.” मग लगेच मामीला म्हणाले की कांदा दे. त्या विषयावर ते पुन्हा कधी बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. पण तेव्हापासून मामांच्या टॅगला मी हसतो ते जरा बेतानं हसतो.

अर्थात मामा आपल्याला बेतानं हसू देतील तर ना. आम्ही मोशीला नवा फ्लॅट घेतला. पहिल्याच पावसाळ्यानंतर हॉलच्या भिंतीवर हिरवट ओल आली. मामा बघायला आले आणि त्यांचा चेहरा उजळला. घरालासुद्धा रोग होतो आणि भिंतीवर हिरवे किंवा तांबूस डाग पडतात, हे त्या कायद्यात आहे म्हणे, पण मामांनी प्रत्यक्ष केस कधी पाहिली नव्हती. नियम असा, की पुजाऱ्यानं डाग बघायच्या आत घर रिकामं करायचं, म्हणजे आतल्या वस्तू अशुद्ध ठरत नाहीत. मामांनी आमचा सोफा, फ्रिज, टीव्ही आणि धान्याचे डबे जिन्याशेजारच्या मोकळ्या जागेत काढायला लावले. मग फ्लॅटला कुलूप आणि आठवडाभर आमचा मुक्काम दापोडीला. शेजाऱ्यांना वाटलं आम्ही हप्ते थकवून पळालो. दोन एजंट येऊन भाड्यानं देणार का विचारून गेले. आठवड्यानं कुलूप काढलं तर डाग वाढलेला. त्यात आश्चर्य काहीच नव्हतं, कारण वरच्या मजल्यावरचा माणूस रोज आंघोळ करत होता. शेवटी बिल्डरचा माणूस आला, भिंतीवर टकटक केलं आणि म्हणाला, हे सगळं खरवडून काढू, नवं प्लॅस्टर करू, आठवडाभर बघू, परत आलं तर विटाच काढायला लागतील. मामा थक्क झाले. कायद्यात हेच, याच क्रमानं सांगितलेलं. त्यांनी त्या माणसाचा हात हातात घेतला आणि मला म्हणाले की हा माणूस साधा न्हाई, जुन्या काळी असता तर देवळात असता. तो म्हणाला, काका, मी कोथरूडला असतो.

प्लॅस्टर झालं, पण शुद्धी राहिलीच होती. तिला दोन पक्षी लागतात, वाहतं जिवंत पाणी लागतं आणि ते शिंपडायला एझोब नावाच्या झुडपाची डहाळी लागते. एझोबच्या जागी मामांनी मामीच्या कुंडीतला पानओवा घेतला. जिवंत पाण्यासाठी मला स्कूटरवर घालून इंद्रायणीवर नेलं. नदीवर त्या दिवशी पांढराशुभ्र फेस होता, काठापासून काठापर्यंत. मामा कितीतरी वेळ बघत राहिले आणि खऱ्याखुऱ्या आदरानं म्हणाले की एवढा फेस आमच्या पहिल्या टाकीला उभ्या जन्मात आला न्हाई. तिथून तसेच परत आलो. सोसायटीत टँकर रिकामा होत होता. मामांनी ड्रायव्हरला गाठून हे पाणी जिवंत का ओतलेलं असं विचारलं. तो म्हणाला, बोअरचं हाय काका, प्यायला चालतंय. बोअरचं म्हणजे जमिनीतून आलेलं, म्हणजे मुळात जिवंत. पण टँकरमधून आलं म्हणजे ओतलेलं. मामा टाकीच्या झाकणावर बसून बराच वेळ विचार करत होते. मग त्यांनी पाइपच्या तोंडाशीच तांब्या धरला, पाणी अजून वाहतंय म्हणून. पक्ष्यांपैकी एक मारायचा असतो, ते मामांच्या पंचशीलात बसेना, म्हणून दोन्ही सोडायचे ठरले. आमच्या बाल्कनीत कबुतरांना तोटा नव्हता. मामांनी पानओव्यानं त्यांच्या अंगावर पाणी शिंपडलं आणि दोन्ही कबुतरं उडाली, समोरच्या विंगपर्यंत गेली आणि मामांचं वाक्य पुरं व्हायच्या आत परत येऊन बसली. “गेली ती तामे घेऊन गेली,” मामा म्हणाले, “आली ती ताहोर हायेत.” ती अजून आहेत.

तर असा हा माणूस, की ज्याला कुठल्याही प्रश्नाचं उत्तर ठाऊक असतं. तो अडला तो एका पालीपाशी. परवाच्या गणपतीनंतरची गोष्ट. मामांच्या मुलीनं मामीला मायक्रोवेव्ह घेऊन दिला होता, आणि एका सकाळी त्याच्या आत पाल मरून पडलेली सापडली. पाल त्या कायद्यातल्या अशुद्ध प्राण्यांत मोडते. ती मेलेली धातूच्या भांड्यात पडली तर भांडं धुवायचं. मातीच्या भांड्यात पडली तर ते फोडायचं. भट्टीत किंवा चुलीत पडली तर ती सरळ मोडायची. मामांनी यापूर्वी याच कलमाखाली मामीचा नवाकोरा माठ फोडलेला होता. आता प्रश्न हा, की मायक्रोवेव्ह हे धातूचं भांडं की चूल. मामांच्या हातात हातोडी होती. मामी मायक्रोवेव्हला मिठी मारून उभी होती आणि आधी माझ्यावर घाला म्हणत होती. शेवटी मायक्रोवेव्हला लाल टॅग लागला आणि निकाल लागेपर्यंत तो गॅलरीत गेला. मी म्हटलं, “मामा, पण निकाल देणार कोण?” मामांनी हातोडी कोपऱ्यात ठेवली. मग म्हणाले, “द्येणारा हाय एक. पण आता त्याला इचारायचं तोंड न्हाई आपल्याला.” आणि चपला घालून बाहेर निघून गेले.

ती हकिगत मला मामीनं सांगितली. आवासकरांचा पेसाह नावाचा वसंतातला सण असतो. त्यात आंबवलेलं काही चालत नाही, म्हणून रोजची भांडी सणाआधी उकळत्या पाण्यात पूर्ण बुडवून काढायची असतात. आवासकरांकडे त्यांच्या आईचं ॲल्युमिनियमचं मोठं पातेलं होतं, काठावर ठिपक्या-ठिपक्यांनी आईचं नाव घातलेलं. गावी ते बुडवायला त्याहून मोठा हंडा होता. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एवढा हंडा कुठला? आवासकर बाकावर बसून हळहळत होते. मामा म्हणाले, आणा कंपनीत, आपली टाकी हाय की. आवासकरांनी दुसऱ्याच दिवशी आणलं आणि मामांच्या हातात दिलं. म्हणाले, नुसतं गरम पाण्यातून काढ. त्या दिवशी मामा घरी आले ते आनंदानं रडवेले होऊन. ज्याच्या आज्याला गावच्या पाणवठ्याला हात लावता येत नव्हता, त्याच्या हातात एका माणसानं आपल्या आईचं सणाचं भांडं शुद्ध करायला दिलं होतं. मामी म्हणाली, “ह्यांना काय करू आन काय न्हाई असं झालं, बघा.” नुसतं गरम पाणी मामांना कमी वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी ते पातेलं पाचही टप्प्यांतून काढायचं ठरवलं, आणि ताबलच्या कॉस्टिकमध्ये तर मुद्दाम जेवणाची सुट्टी संपेपर्यंत ठेवलं, म्हणजे शंका नको. ताबलच्या वर भिंतीवर पाटी होती, ‘ॲल्युमिनियम टाकू नये’. पाटी मामांच्याच हातची होती. टाकीत इतकी वर्षं फक्त लोखंडी भाग पडत, ॲल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं, हे नव्या पोरांना ते रोज ओरडून सांगत. त्या दिवशी सांगायला कुणी नव्हतं. पातेलं बाहेर आलं ते काळंठिक्कर, कागदासारखं पातळ, आणि उजेडाकडे धरलं तर बुडाला बारीक भोकं. काठावर नाव नव्हतं.

आवासकर काहीच बोलले नाहीत. पातेलं वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेले. त्यानंतर ते बाकावर यायचे बंद झाले, की मामा जायचे बंद झाले, हे मामीलाही नीट माहीत नव्हतं. पुढे आवासकर निवृत्त झाले आणि इस्राएलला मुलीकडे राहायला गेले. कंपनीत निरोपाचा समारंभ झाला, त्याला मामा ताप आल्याचं सांगून घरी बसले. ताप नव्हता. तेव्हापासून दर वर्षी गणपती-नवरात्राच्या सुमारास, म्हणजे तो पुसायचा मोठा दिवस जवळ आला की, मामा फोन हातात घेऊन बसतात आणि ठेवून देतात. कारण त्या दिवसाचा एक बारकावाही आवासकरांनीच सांगितला होता. देवाचा अपराध केला असेल तर तो देव पुसतो. माणसाचा केला असेल तर त्या माणसाकडेच जावं लागतं, त्यात देव पडत नाही. सगळ्या जगाला संध्याकाळपर्यंत थांबा म्हणून सांगणाऱ्या या माणसानं स्वतःला मात्र इतक्या वर्षांत एकही संध्याकाळ लागू केली नव्हती. हे ऐकून मला वाईट वाटलं आणि रागही आला.

मी एक आगाऊपणा केला. कंपनीतल्या जुन्या माणसाकडून आवासकरांचा नंबर मिळवला आणि निरोप धाडला: मी अमक्याचा भाचजावई, मायक्रोवेव्हमध्ये पाल मेली तर तो फोडावा की धुवावा, मामा अडून बसलेत, मामी उपाशी आहे. शेवटचं खोटं होतं. दोन दिवस काहीच आलं नाही. तिसऱ्या दिवशी आम्ही दापोडीत जेवायला बसणार, पाटावर ताटं मांडलेली, तोच माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर पांढऱ्या दाढीचे एक गृहस्थ. डोळे मिचकावत म्हणाले, “तो कुठंय पुजारी?” मी फोन मामांच्या समोर धरला. मामा ताडकन उभे राहिले, जसं कुणी साहेब आत आल्यावर उभं राहावं. मग पुन्हा बसले.  पहिलं बोलले ते आवासकर, आणि बोलले ते मायक्रोवेव्हबद्दल. “अरे बाबा, तो मातीचा आहे का? आतली काचेची थाळी धू, फडकं मार आणि त्या बाईला तिचा मायक्रोवेव्ह दे.” मामीनं आतून हात जोडले आणि तडक गॅलरीत गेली.

मामांनी श्वास घेतला आणि मान खाली घालून जे इतकी वर्षं साठवलं होतं ते बोलायला सुरुवात केली. नेमकी त्याच वेळी मागच्या रुळांवरून लोणावळा लोकल गेली. मामांच्या दापोडीच्या घरात लोकल जाते तेव्हा भांड्यांसकट सगळं घर बोलतं. मामांचे ओठ हलत होते, डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि आवाज काडीचाही येत नव्हता. गाडी गेली. आवासकर कानाला हात लावून म्हणाले, “काय म्हणालास? काही ऐकू आलं नाही.” मामांनी हताश होऊन माझ्याकडे पाहिलं. एवढं सगळं परत म्हणणं त्यांच्या ताकदीबाहेरचं होतं. मग त्यांनी ते थोडक्यात आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं.

“आवासकर, तुमच्या आईचं नाव माझ्या हातनं पुसलं गेलं.”

समोरच्या घरातली बाई खिडकीत आली.  “आईचं नाव काय मी पातेल्यावर वाचून पाठ केलं होतं?” आवासकर म्हणाले. “मला त्या दिवशी वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. म्हणून बोललो नाही. दुसऱ्या दिवशी बाकावर आलो तर तू नव्हतास. मग निरोपालाही नाही आलास. मला वाटलं, मी काही बोललो नाही याचा तुला राग आला.” मामा म्हणाले की राग कसला, मी तामे व्हतो. आवासकर हसले. “किती वर्षं झाली रे? संध्याकाळपर्यंतच असतं ना ते? तूच पोरांना शिकवायचास.” आणि त्यांनी फोन फिरवला. खिडकीपलीकडे समुद्र होता, आणि खिडकीत ते पातेलं, काळं ते काळंच. त्यात माती भरलेली आणि बारीक पानांचं एक झुडूप चांगलं घसघशीत वाढलेलं. “एझोब,” फोनमागून आवाज आला. “भोकं तू पाडूनच दिली होतीस, कुंडीला आणखी काय लागतं?”

मामांनी पटकन विचारलं, “तुमच्याकडं दिस बुडाला का?” आवासकर म्हणाले, नाही, अजून थोडा आहे. मामा उठले. मोरीत जाऊन हातपाय धुतले, धुवट सदरा घातला आणि परत येऊन फोनसमोर मांडी घालून बसले. मामीनं जेवायचं का म्हणून विचारलं, तर म्हणाले, थांब, त्याच्याकडं उजेड हाय अजून. आमच्याकडे अंधार पडून कितीतरी वेळ झाला होता, आणि आम्ही सगळे वाढलेल्या ताटांसमोर बसून कुठल्या तरी लांबच्या खिडकीतला सूर्य बुडायची वाट बघत होतो.   झुडपाची पानं वाऱ्यावर हलत होती, त्यांच्यामागे सूर्य पाण्याला टेकला आणि मग दिसेनासा झाला.

“झाली रे संध्याकाळ,” आवासकर म्हणाले.

“व्हय,” मामा म्हणाले. “झाली.”

फोन बंद झाल्यावर मामांनी सवयीनं खिशातून हिरवा टॅग काढला आणि तो हातात धरून तसेच बसून राहिले, कशाला बांधावा ते त्यांना सुचत नव्हतं. मामी पुसून घेतलेला मायक्रोवेव्ह ओट्यावर ठेवत होती. तिनं हात पदराला पुसले, मामांच्या हातातून टॅग घेतला आणि त्यांच्याच सदऱ्याच्या गुंडीला बांधला. भात पार गार झाला होता. मामीनं तो मायक्रोवेव्हमध्ये गरम करून आणला आणि मामा कधी नव्हे ते एक शब्दही न बोलता जेवले.